कुदळ, करवत आणि भत्ता: अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेशन कोरमध्ये पहिला हंगाम करताना

अमेरिकेतल्या मराठी घरांमधली मुलंमुली मला एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. हायस्कूल किंवा कॉलेज झालंय, लगेच ऑफिसात बसायचं नाही, डोंगरात-जंगलात काम करायचंय, पण फुकट राबणं परवडणारं नाही. काही वाट आहे का?

आहे. तिला इथे कॉन्झर्व्हेशन कोर म्हणतात. साधारण १८ ते २५ वयाच्या मुलांच्या सहा-आठ जणांच्या तुकड्या करतात आणि त्यांना पायवाटा बांधणं, परकी झुडपं काढणं, वणव्याआधी वाळलेलं जंगल विरळ करणं, ओढ्याकाठी झाडं लावणं अशी कामं देतात. या कामाचे पैसे मिळतात. मी एक हंगाम साधी सभासद होते, पुढच्या हंगामात तुकडीप्रमुख. त्या दोन हंगामांत जे मला उशिरा कळलं, ते तुम्हाला आधी कळावं म्हणून क्रमाने लिहिते आहे.

मागचा इतिहास थोडक्यात. १९३३ साली, महामंदीत, राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी बेकार तरुणांसाठी सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोर सुरू केली. महिन्याला ३० डॉलर मिळत, त्यांतले साधारण २५ थेट घरी जात. १९४२ पर्यंत सुमारे तीस लाख तरुण तिच्यातून गेले आणि त्यांनी तीनशे कोटींच्या आसपास झाडं लावली. मुलींना तिथे जागा नव्हती, आणि काळ्या तरुणांचे कॅम्प बहुतेक ठिकाणी वेगळे ठेवलेले होते. पुढे १९५७ साली एलिझाबेथ कुशमन यांच्या कॉलेजातल्या प्रबंधातून स्टुडंट कॉन्झर्व्हेशन असोसिएशन उभी राहिली. १९७६ साली कॅलिफोर्निया राज्याने स्वतःची कोर काढली. तिचं ब्रीद असं: कष्टाचं काम, कमी पगार, हालअपेष्टा आणि बरंच काही. मुलं ते वाचूनही अर्ज करतात, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. १९९३ च्या कायद्याने अमेरिकोर हा केंद्र सरकारचा समाजसेवेचा कार्यक्रम आला, आणि बऱ्याच कोरना त्यातून पैसा मिळतो. आज देशभर शंभराहून जास्त कोर आहेत. काही राज्य सरकारच्या, काही शहराच्या, बऱ्याचशा ना-नफा संस्थांच्या.

पायरी पहिली: आपण पात्र आहोत का ते पाहा

आपल्या मुलांचं घोडं इथेच अडतं, म्हणून हे आधी. ज्या जागेला अमेरिकोरचा पैसा लागलेला असतो, तिच्यासाठी अमेरिकन नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्यांना आणि एच-४ या कुटुंबाच्या व्हिसावर आईवडिलांबरोबर आलेल्यांना ती जागा मिळत नाही, मग मुलाखत कितीही चांगली होवो. मात्र सगळ्या जागा अमेरिकोरच्या नसतात. काही कोर राज्याच्या किंवा शहराच्या पैशातून सरळ पगारावर माणसं घेतात. तुमच्याकडे काम करायचा परवाना असेल तर तिथे फोन करून विचारा. जाहिरातीत हे बऱ्याचदा स्पष्ट लिहिलेलं नसतं.

वयाची मर्यादा जागेगणिक बदलते. वॉशिंग्टन राज्याची कोर १८ ते २५ घेते. कॅलिफोर्नियाचीही तीच मर्यादा, माजी सैनिकांना २९ पर्यंत सूट. इतर काही ठिकाणी तिशीपर्यंत चालतं. अमेरिकोरच्या जागेसाठी गुन्हेगारी नोंदींची तपासणी होते आणि बोटांचे ठसे घेतात. ठशांची भेट लवकर ठरवा, कारण त्यात दिवस जातात. वाहन परवाना सगळीकडे लागतोच असं नाही, पण असला तर वजन पडतं. तुकडीची गाडी चालवायला कुणीतरी लागतंच.

पायरी दुसरी: कोणत्या कामाला अंग मानेल ते ठरवा

सगळ्या कोरच्या जाहिरातीत तेच निळं आभाळ आणि तेच हसरे चेहरे असतात. कामं मात्र एकमेकांपासून फार वेगळी आहेत.

राहण्याच्या हिशोबाने दोन जाती. एका जातीत रोज सकाळी डेपोत जायचं आणि संध्याकाळी घरी परतायचं. आठवड्याला दहा-दहा तासांचे चार दिवस, ही नेहमीची पद्धत. दुसऱ्या जातीत ‘हिच’ असते, म्हणजे सलग आठ-नऊ दिवस रानात तंबू ठोकून काम आणि मग पाच-सहा दिवस सुट्टी. कधी तंबू इतका आत असतो की हत्यारं, किराणा, सगळं पाठीवरून न्यावं लागतं. त्याला ‘स्पाइक कॅम्प’ म्हणतात. आयुष्यात कधी तंबूत झोपला नसाल तर एकदम पाच महिन्यांची हिच घेऊ नका. उन्हाळ्याचा किंवा शरदातला छोटा हंगाम घ्या.

आता कामाच्या जाती. करवत तुकडी दिवसभर चेनसॉ चालवते. पायांवर करवतीपासून वाचवणारे जाड चॅप्स, कानांत बोळे, पाठीला तेलाचं ओझं. इथे एस-२१२ हे करवतीचं प्रशिक्षण मिळतं, ते पुढे नोकरीत मोजलं जातं. वणवा तुकडीत जायचं तर पॅक टेस्ट द्यावी लागते: ४५ पौंड पाठीवर घेऊन ३ मैल, ४५ मिनिटांत, न धावता. हंगामाच्या दोन महिने आधीपासून ओझं घेऊन चालायला लागा. परकी वनस्पती काढणाऱ्या तुकड्या नैर्ऋत्येकडे टॅमरिस्क आणि रशियन ऑलिव्ह कापतात. आपल्याकडे घाणेरीने जे केलं, तेच या झाडांनी तिथल्या नदीकाठांचं केलं आहे. खोड कापल्यावर काही मिनिटांत बुंध्यावर तणनाशक लावायचं असतं, नाहीतर ते पुन्हा फुटतं. तणनाशक हाताळायचं नसेल तर मुलाखतीतच सांगा. तिथे पोचल्यावर सांगण्याने तुकडीची पंचाईत होते.

माझं मन बसलं पायवाटेच्या कामावर, म्हणून त्याबद्दल दोन ओळी जास्त. डोंगरातली वाट माणसांच्या पायांनी झिजते त्याहून कितीतरी जास्त पाण्याने झिजते. पाऊस पडला की पाणी सोपा उतार शोधतं, आणि आपण खणलेली वाट हाच सगळ्यांत सोपा उतार असतो. एकदा पाणी वाटेवर चढलं की तिचा ओढा होतो. मग लोक कडेने चालतात, कडेचं गवत मरतं, वाट दुप्पट रुंद होते आणि माती खाली नदीत जाते. म्हणून वाटेला बाहेरच्या अंगाला किंचित उतार द्यायचा, आणि ठरावीक अंतरावर दगड किंवा ओंडका तिरका पुरून पाणी बाहेर काढायचं. त्याला ‘वॉटर बार’ म्हणतात. दगड नीट बसला की नाही हे त्यावर उभं राहून, डोलून पाहायचं. हलला तर काढायचा आणि पुन्हा बसवायचा. एका दगडाला कधी अर्धा दिवस लागतो. हत्यारं मात्र ओळखीची वाटतील. पुलास्की म्हणजे एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळ. मॅक्लाउड म्हणजे एका अंगाला दंताळं, दुसऱ्या अंगाला फावडं. आणि रॉक बार म्हणजे सरळसरळ आपली पहार. १९६४ च्या कायद्याने ‘विल्डरनेस’ ठरवलेल्या भागात इंजिनाची हत्यारं चालत नाहीत. तिथे दोघांनी मिळून ओढायची लांब आडवी करवत वापरतात. ती ढकलायची नसते, फक्त आपल्या पाळीला ओढायची. हे अंगात यायला मला दोन आठवडे लागले.

पायरी तिसरी: पैशाचा हिशोब कागदावर मांडा

ही पायरी कुणी गाळू नये. पैसे दोन प्रकारचे असतात आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिला प्रकार म्हणजे पगार. तासाला इतके डॉलर, जादा तासांचे जादा. कॅलिफोर्नियाच्या कोरमध्ये सभासद राज्याचे कर्मचारी असतात आणि त्यांना राज्याचं किमान वेतन मिळतं. दुसरा प्रकार म्हणजे राहणीभत्ता, जो अमेरिकोरच्या बहुतेक जागांवर असतो. हा तासांवर नसतो. आठवड्यात चाळीस तास भरले काय आणि पंचावन्न भरले काय, रक्कम तीच. आणि या भत्त्यावर आयकर लागतो, म्हणजे हातात येणारा आकडा जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा कमी असतो.

आता खरी मेख. समजा, एका ठिकाणी आठवड्याला ४५० डॉलर भत्ता आहे, पण राहण्याची सोय तुमची तुम्ही करायची. दुसऱ्या ठिकाणी ३५०, पण खोली आणि हिचमधलं जेवण त्यांचं. डोंगरातल्या पर्यटनाच्या गावात खोलीभाडं इतकं असतं की पहिली जागा तोट्याची ठरते. हिच असलेल्या ठिकाणी आणखी एक प्रश्न हटकून विचारा: सुट्टीच्या दिवसांत मी झोपायचं कुठे? काही ठिकाणी सभासदांना घर असतं, काही ठिकाणी आवारात तंबू टाकू देतात, काही ठिकाणी काहीच नाही. माझ्या पहिल्या हंगामात आम्ही चौघी सुट्टीचे दिवस एका गाडीत आणि वाचनालयात काढत होतो. कुणी फसवलं नव्हतं, आम्ही विचारलंच नव्हतं.

भत्त्याशिवाय अमेरिकोरच्या जागेवर हंगाम पुरा केल्यावर शिक्षणनिधी मिळतो. पूर्ण मुदत म्हणजे १७०० तास. त्याची रक्कम पेल ग्रँटच्या, म्हणजे केंद्र सरकार गरजू विद्यार्थ्यांना कॉलेजसाठी देतं त्या मदतीच्या, कमाल रकमेइतकी असते, आणि गेली काही वर्षं ती ७,३९५ डॉलर आहे. ९००, ६७५, ४५० आणि ३०० तासांच्या लहान मुदतींना त्या प्रमाणात कमी. हा पैसा हातात येत नाही. कॉलेजची फी किंवा शिक्षणकर्ज यांतच वळवता येतो, सात वर्षांच्या आत. आणि ज्या वर्षी वापराल त्या वर्षी तो उत्पन्नात धरतात, त्यामुळे करासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवा. शिक्षणकर्ज चालू असेल तर सेवेच्या काळात हप्ते थांबवता येतात, आणि मुदत पुरी केल्यावर त्या काळातलं पात्र कर्जावरचं व्याज सरकार भरतं. पण हप्ते आपोआप थांबत नाहीत, अर्ज करावा लागतो.

एक बारीक अट ठळक अक्षरांत लक्षात ठेवा. मधेच सोडून गेलात तर शिक्षणनिधी जातो. मोठं आजारपण किंवा घरातला मृत्यू अशा कारणाने, आणि निदान १५ टक्के तास भरून गेला असाल, तरच अंशतः मिळतो. ‘दुसरी नोकरी लागली’ हे कारण धरत नाहीत. म्हणून मे महिन्यात कॉलेजच्या प्रवेशाचं उत्तर यायचं असेल तर आधी तारखा जुळवा.

निधी कुठून येतो, हेही विचारायला लाजू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये मोठ्या उमेदीने जाहीर झालेली अमेरिकन क्लायमेट कोर जानेवारी २०२५ पर्यंत गुंडाळली गेली. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकोरची कितीतरी अनुदानं एकाएकी रद्द झाली, आणि राहणं-जेवण देणारी एनसीसीसी नावाची तुकडी मुदतीआधी घरी पाठवली गेली. हंगामाच्या मध्यावर गावापासून हजार मैलांवर असताना असं झालं तर परतीच्या तिकिटाचे पैसे तुमच्या खात्यात असले पाहिजेत. एवढी रक्कम आधी साठवा, मगच निघा.

पायरी चौथी: अर्ज आणि मुलाखत

उन्हाळ्याच्या जागांची भरती साधारण जानेवारी ते मार्चमध्ये जोरात असते. द कोर्स नेटवर्क या राष्ट्रीय संघटनेच्या यादीत बहुतेक कोर सापडतात. तीन-चार ठिकाणी अर्ज करा.

मुलाखतीत आपली मुलं पदवी आणि गुण सांगत बसतात. समोरच्याला हवं असतं दुसरंच: हे पोर तिसऱ्या दिवशी पावसात चिडचिड करेल का, आणि केलीच तर सावरेल का? मराठी मंडळाच्या गणपतीत तीनशे माणसांची पंगत वाढली असेल, आजीचं आजारपण काढलं असेल, घर हलवताना सगळं सामान बांधलं असेल, तर ते सांगा. थकलेल्या माणसांबरोबर काम केल्याचा तो पुरावा आहे. मी तुकडीप्रमुख म्हणून मुलाखतींना बसले तेव्हा अशाच उत्तरांपाशी थांबून खूण करत होते.

शाकाहारी असाल तर तेही तेव्हाच सांगा. स्वयंपाक पाळीपाळीने आणि सगळ्यांचा एकत्र असतो. बहुतेक तुकड्यांत आणखी एक-दोघं शाकाहारी निघतातच. डाळ न्यायची तर मसूर न्या. उंचावर, कुकरशिवाय, तूर तासन् तास शिजत नाही आणि गॅस संपतो.

आईबाबांशी बोलायचं असेल तर आकड्यांनी आणि नकाशाने बोला. कामाची ठिकाणं, तुकडीत किती जण, प्रमुखाला रानातल्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आहे का, फोनला रेंज नसेल तिथे उपग्रहावरून संदेश पाठवायचं यंत्र तुकडीबरोबर असतं का, जवळचं रुग्णालय किती लांब. पूर्ण मुदतीच्या जागांवर आरोग्यविमा मिळतो, छोट्या मुदतीत बहुधा नाही. त्यामुळे घरच्या विम्यावर राहता येईल का, हेही त्याच वेळी ठरवून घ्या. माझ्या आईला ‘निसर्गसेवा’ हा शब्द पटला नव्हता. कामाच्या ठिकाणापासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता नकाशावर दाखवल्यावर ती शांत झाली.

पायरी पाचवी: बूट

हेल्मेट, हातमोजे, डोळ्यांचा चष्मा, हत्यारं ही बहुतेक ठिकाणी कोरची असतात. तंबू, झोपायची पिशवी आणि पाठपिशवी कुठे मिळते, कुठे स्वतःची न्यावी लागते, ते विचारा. निवड झाल्यावर अनेक कंपन्यांच्या सामानावर कोरच्या सभासदांना सवलत असते, त्यामुळे निवडीआधी खरेदी नको.

बूट मात्र तुमचेच. घोट्याच्या वर जाणारे, चामड्याचे. करवत किंवा वणवा तुकडीत बहुधा आठ इंच उंचीची अट असते. ते निघण्याआधी निदान तीन आठवडे रोज घाला. जुन्या बुटांवर पैसे वाचवू नका आणि नवेकोरे बूट घेऊन पहिल्या हिचला जाऊ नका. मी नवे घेऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी दोन्ही टाचा सोलल्या, आणि उरलेले सहा दिवस माझ्या वाटणीचे दगड इतरांनी उचलले.

सुती कपडे भिजले की अंगावर गार होऊन बसतात. लोकर किंवा सिंथेटिक घ्या. मोजे लोकरीचेच.

पायरी सहावी: पहिली हिच

पहिले तीन दिवस अंग बोलतं. चौथ्या दिवशी थोडं ऐकायला लागतं. तोवर वेगाच्या मागे लागू नका.

हत्यार वाहताना खांद्यावर टाकायचं नाही. हातात, तोल सापडेल तिथे धरून, उताराच्या बाजूच्या हातात. पडलात तर ते तुमच्यापासून लांब फेकता येतं. चालताना आणि काम करताना दोघांत दहा फुटांचं अंतर. दगड निसटला तर आधी जोरात ‘रॉक!’ ओरडायचं, मग बघायचं. पायाला कुठे चुरचुरलं की त्याच मिनिटाला थांबून टेप लावा. फोड आल्यावर टेप लावून उपयोग नाही. पाणी दिवसाला चार-पाच लिटर, तहान लागायच्या आधी.

तीन पानांचा झुपका दिसला की हात मागे. पूर्वेकडे पॉयझन आयव्ही, पश्चिमेकडे पॉयझन ओक. दोन्हींच्या स्पर्शाने अंगावर खाजरं पुरळ उठतं. लागलंच तर लगेच गार पाणी आणि साबण. संध्याकाळी गोचिडीसाठी गुडघ्यांमागे, कमरेला, केसांत तपासा.

शौचाचं सगळ्यांच्या मनात असतं आणि कुणी विचारत नाही. पाणी आणि वाटेपासून दोनशे फूट लांब, सहा ते आठ इंच खोल खड्डा, नंतर मातीने झाकायचा. पाळीच्या दिवसांतलं वापरलेलं सामान पुरायचं नाही. बाहेरून टेप गुंडाळलेल्या, आतलं न दिसणाऱ्या झिप पिशवीत परत आणायचं. दुखत असेल तर प्रमुखाला सांगा, मग प्रमुख मुलगा असो की मुलगी. मी प्रमुख असताना मुली सांगत नसत आणि उन्हात चक्कर येऊन बसत. सांगितलं असतं तर मी त्यांना सावलीतलं काम दिलं असतं.

तुकडीत कुणी हत्यार निष्काळजीपणे चालवत असेल किंवा कुणाला त्रास देत असेल, तर प्रमुखाशी बोला. प्रमुखच तसं करत असेल तर कार्यालयात फोन करा. धोकादायक वाटणारं काम नाकारायचा हक्क सगळ्यांत नव्या सभासदालाही असतो. चांगल्या कोर हे पहिल्याच दिवशी सांगतात. तुमच्या कोरने सांगितलं नाही, तर तुम्ही विचारा.

पायरी सातवी: निघताना कागद घ्या

केंद्र सरकारच्या जमिनींवर, म्हणजे राष्ट्रीय उद्यानं, वनखात्याची जंगलं अशा ठिकाणी, पात्र प्रकल्पांवर ६४० तास भरले तर पब्लिक लँड्स कोरचं प्रमाणपत्र मिळू शकतं. त्यावर पुढची दोन वर्षं त्या खात्यांच्या काही जागांसाठी खुल्या स्पर्धेबाहेरून अर्ज करता येतो. रेंजर किंवा पायवाट विभागात शिरायची ही फार मोलाची वाट आहे. ग्रीन कार्डवाल्यांनी मात्र ध्यानात घ्या: केंद्र सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांना नागरिकत्व लागतं. राज्य, परगणा आणि खासगी संस्थांच्या नोकऱ्यांना सहसा तशी अट नसते, आणि करवतीचं, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण तिथेही धरतात.

हे प्रमाणपत्र मागावं लागतं. माझे पहिल्या हंगामात तास भरले होते, पण असा कागद असतो हे मला नंतरच्या हिवाळ्यात कळलं. तोवर आमच्या प्रकल्पावरचा अधिकारी बदलून गेला होता आणि कोणते तास कोणत्या जमिनीवर भरले याची नोंद कुणाकडेच धड नव्हती. तो कागद मला मिळाला नाही. दुसऱ्या हंगामात मी पहिल्या दिवसापासून रोज संध्याकाळी लिहायला लागले: तारीख, ठिकाण, जमीन कुणाची, किती तास, कोणतं हत्यार, किती फूट वाट किंवा किती झाडं. शेवटच्या हिचच्या आधी ती यादी घेऊन कार्यालयात गेले आणि सही घेतली. बायोडेटा लिहितानाही तीच यादी कामी आली.

वही खिशात मावेल एवढी घ्या आणि पेन्सिलीने लिहा. पावसात शाई पसरते, पेन्सिलीचं टिकतं.